सेवेआधी शिक्षण : विशेष मुलांच्या शिक्षकांची जुनी वाट



गोदावरीच्या काठी बासर नावाचे गाव आहे. आज ते तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यात येते. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आपल्याकडची जुनी माणसे अजूनही त्याला आदिलाबादकडचेच म्हणतात. तिथे सरस्वतीचे मंदिर आहे. लहान मुलाला पहिले अक्षर तिथे गिरवायला लावायचे, अशी आपल्या हिंदू शेजाऱ्यांची रीत आहे. वसंत पंचमीला आणि दसऱ्याला नांदेड, धर्माबाद, उमरीकडून मराठी कुटुंबे आणि निजामाबादकडून तेलुगू कुटुंबे गर्दी करतात. पुजारी मुलाला पाटीपुढे बसवतो, त्याचा हात आपल्या हातात धरतो आणि अक्षर काढवून घेतो. आई पदराने डोळे पुसते. आपला विश्वास वेगळा आहे आणि आपण त्या विधीला जात नाही, पण लेकराच्या हातून पहिले अक्षर उमटताना आईबापांना काय वाटते, हे कळायला धर्म एक असावा लागत नाही.

आम्हांला मात्र त्या गर्दीकडे पाहताना नेहमी दुसरीच मुले आठवतात. ज्याला पाटी दिसत नाही, ज्याला अक्षराचा उच्चार ऐकू येत नाही, ज्याच्या बोटांत पेन्सिल ठरत नाही, ज्याचे सहावे वर्ष संपले तरी बोलणे दोन-तीन शब्दांपलीकडे गेलेले नाही, अशा मुलाचा हात पहिल्या दिवशी कोणीही धरील. दुसऱ्या दिवशी आणि पुढची दहा वर्षे तो कोणी आणि कसा धरायचा?

आपल्या मंडळ्यांत यावर एक ठरलेले उत्तर ऐकू येते. अशा लेकरांना प्रेम द्यावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, नाताळात नवे कपडे द्यावेत. शिकवायचे म्हणाल तर ज्याच्या मनात दया आहे तो कोणीही शिकवील, त्याला वेगळी पदवी कशाला? उत्तर देणाऱ्यांचे मन चांगले असते. पण ख्रिस्ती लोकांनीच या कामात जो इतिहास घडवला, त्याच्याशी हे उत्तर जुळत नाही. ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांच्यापैकी बहुतेकांनी शिकवायला जाण्याआधी स्वतः शिकून घेतले होते. ती हकिगत आज थोडी सविस्तर सांगायची आहे.

सुरुवात मार्काच्या सातव्या अध्यायापासून करू. प्रभू दकापलीसच्या मुलखात आला. तो सरहद्दीचा मुलूख, तिथे निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक राहत. लोकांनी एका बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाला त्याच्याकडे आणले. पुढे काय झाले ते सावकाश वाचा. प्रभू त्याला आधी गर्दीतून बाजूला नेतो. त्याच्या कानांत बोटे घालतो, त्याच्या जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो आणि मग ‘इप्फाथा’ म्हणतो. आंधळ्यांना बरे करताना प्रभू त्यांच्याशी बोलतो, काय हवे ते विचारतो. इथे समोरच्याला बोलणे कळणार नाही, म्हणून जे करायचे आहे ते तो स्पर्शाने आणि नजरेने दाखवतो. कान, जीभ, मग वर. त्या माणसाला समजेल अशा भाषेत त्याला आधी सगळे सांगितले जाते. आजच्या विशेष शिक्षकाला पहिल्या सत्रात हेच शिकवतात: मुलाला गोंगाटातून बाजूला घ्या, त्याचे लक्ष आपल्याकडे येऊ द्या, आणि त्याची जी वाट मोकळी आहे त्या वाटेने त्याच्याशी बोला. प्रभूला पदवीची गरज नव्हती हे खरे. आपण मात्र प्रभू नाही.

मंडळीच्या इतिहासात या बाबतीत अंधारही पुष्कळ आहे. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. त्याचा कोता अर्थ लावून, जन्मापासून बहिरा असलेल्याला विश्वास यायचा तरी कसा, असे मानणारे लोक युरोपात कित्येक शतके होते. तो अंधार पहिल्यांदा फोडला तो एका संन्याशाने. स्पेनमध्ये ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने सोळाव्या शतकाच्या मध्यावर एका सरदार घराण्यातल्या बहिऱ्या मुलांना लिहायला, वाचायला आणि बोलायलाही शिकवले. त्या मठात मौनाचे नियम कडक होते आणि साधू आपसांत हाताच्या खुणांनी बोलत. त्या खुणांचा त्याला उपयोग झाला असावा, असे इतिहासकार मानतात. पुढे १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत याने हाताच्या बोटांनी अक्षरे दाखवण्याची पद्धत माद्रिदमध्ये पुस्तकात छापली. ही बोटांची अक्षरे ध्यानात ठेवा, ती पुन्हा येणार आहेत.

पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने १७६० च्या सुमारास बहिऱ्यांसाठी शाळा काढली आणि श्रीमंताच्या मुलाबरोबर गरिबाच्या मुलालाही आत घेतले. या शाळेपर्यंत एक अमेरिकन पाळक पोहोचला, आणि आमच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. थॉमस गॅलोडेट हा न्यू इंग्लंडमधला काँग्रिगेशनल पंथाचा तरुण. शेजारच्या घरातल्या ॲलिस नावाच्या बहिऱ्या मुलीला त्याने वाळूत काठीने ‘टोपी’ हा शब्द लिहून दाखवला, अशी आठवण सांगतात. मुलीच्या वडिलांनी आणि गावातल्या सज्जनांनी शाळा काढायचे ठरवले. पैसे जमले, तळमळ होती, प्रार्थना होती. गॅलोडेटला दुसऱ्या दिवशी शाळा उघडता आली असती. पण १८१५ मध्ये तो जहाजात बसून युरोपात गेला. आधी ब्रिटनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये त्याने ही विद्या समजून घेतली. परत येताना लोरां क्लेर नावाचा, स्वतः बहिरा असलेला शिक्षक त्याने बरोबर आणला. परतीच्या प्रवासात क्लेर त्याला खुणांची भाषा शिकवी आणि तो क्लेरला इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला शाळा उघडली. मुंबईत १८१३ मध्ये आलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरीही याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी पाठवलेले होते. म्हणजे नगर, सोलापूर आणि मुंबईतल्या ज्या मंडळ्या त्या मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, त्यांचे आणि गॅलोडेटचे घराणे एकच.

गॅलोडेटचा मुलगा एडवर्ड वॉशिंग्टनच्या बहिऱ्यांच्या कॉलेजचा प्रमुख झाला. तिथे १८९१ मध्ये पदवीधर झालेल्यांसाठी बहिऱ्यांचे शिक्षक होण्याचा खास अभ्यासक्रम सुरू झाला. आधी पदवी घ्यायची आणि मग या मुलांना कसे शिकवायचे हे शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी व्हायचे, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. त्याच दशकात कलकत्त्याच्या मूकबधिर शाळेचे जामिनीनाथ बॅनर्जी लंडनला आणि तिथून वॉशिंग्टनला शिकायला गेले आणि परत येऊन कामाला लागले. त्या काळी बोटीने जायचे म्हणजे महिना-दीड महिना लागत असे. आज सिकंदराबादला पाठवतानाही आपण मुलीला म्हणतो, इतक्या लांब कशाला!

हेलन केलरची गोष्ट संडेस्कूलमध्ये आपण सगळ्यांनी सांगितली आहे. हातावर पाण्याची धार पडते, ॲन सलिव्हन दुसऱ्या हातावर बोटांनी ‘पाणी’ हा शब्द लिहिते आणि अंधारातल्या मुलीला एकदम उमगते की प्रत्येक वस्तूला नाव असते. हे एप्रिल १८८७ मध्ये घडले. गोष्ट सांगताना आपण ती चमत्कारासारखी सांगतो. त्याआधीचे महिने मात्र आपण गाळतो. ॲन बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकली, कारण तिची स्वतःची दृष्टी अधू होती. तिथे लॉरा ब्रिजमन नावाची अंध आणि बहिरी बाई राहत असे, तिच्याशी बोलण्यासाठी ॲन बोटांची अक्षरे शिकली. हेलनच्या घरून बोलावणे आल्यावर ती लगेच गेली नाही. लॉराला डॉ. हाउ यांनी कसे शिकवले, याचे जुने अहवाल ती कित्येक महिने वाचत बसली आणि मार्च १८८७ मध्ये निघाली. पंपापाशी जे घडले त्याची तयारी बॉस्टनमध्ये त्या अहवालांवर झाली होती. आणि तिने हेलनच्या तळहातावर काढलेली अक्षरे स्पेनमध्ये छापलेल्या त्या जुन्या बोटांच्या अक्षरांपासूनच, फ्रान्समार्गे, चालत आलेली होती. हेलन केलर १९५५ मध्ये भारतात आल्या, तेव्हा त्या परंपरेला साडेतीनशे वर्षे होत आली होती.

ज्या वर्षी ॲन सलिव्हन हेलनकडे गेली, त्या वर्षी आपली एक मराठी बाई अमेरिकेतच होती. बासरच्या गोष्टीवरून तिच्याकडे येणे सोपे आहे, कारण तिची पदवीच ‘सरस्वती’ होती. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच थांबून फ्रोबेलच्या बालशिक्षण पद्धतीचे प्रशिक्षण घेऊ लागल्या. विचार करा, संस्कृतात सभा गाजवणारी ही बाई, वय तिशीच्या जवळ आलेले, आणि लहान मुलांना ठोकळे, चेंडू आणि कागद हाती देऊन कसे शिकवावे, हे ती विद्यार्थिनी होऊन शिकत होती. घरी जाऊन विधवा मुलींसाठी शाळा काढायची तर बालशिक्षण आधी आले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शाळा उघडली, तिचे नाव ‘शारदा सदन’. ख्रिस्ती झालेल्या बाईने आपल्या शाळेला शारदेचे नाव दिले, यावर तेव्हाही दोन्ही बाजूंनी भुवया उंचावल्या असतील. आम्हांला मात्र त्यात शेजाऱ्यांच्या भाषेविषयीचा आदर दिसतो.

दुष्काळाच्या वर्षांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आल्या. त्यांत अंध मुलीही होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत शिकत असताना ब्रेल शिकून आल्या होत्या, त्यांनी या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. शिकलेल्या अंध मुली मग इतरांना शिकवू लागल्या. मनोरमाबाईंनी नंतर मुंबई विद्यापीठाची बी.ए. केली आणि निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले. आईने उतारवयात ग्रीक आणि हिब्रू घोकून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर पुरे करत आणले, मुलगी काम सांभाळून परीक्षा देत राहिली. मनोरमाबाई १९२१ मध्ये, आईच्या एक वर्ष आधी, प्रभूघरी गेल्या. त्यांच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते, आणि ते आम्हांला खटकते.

इतर कामांची नुसती नावे घेऊन पुढे जाऊ, कारण त्यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यावर बहिऱ्या मुलांसाठी संस्था काढली. ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसरला अंधांची शाळा सुरू केली. पाळयमकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी १८९० च्या दशकात बहिऱ्यांचे काम हाती घेतले. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० च्या दुष्काळात आलेल्या मुलांपासून मुंबईत अंधशाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. त्या काळी ब्रेलची अडचण अशी होती की प्रत्येक मिशनने आणि प्रत्येक प्रांताने आपापले ठिपके बसवले होते. एका शाळेत शिकलेल्या अंध मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येत नसे. सर्व भारतीय भाषांसाठी मिळून एक ‘भारती ब्रेल’ ठरायला १९५१ साल उजाडले.

हे सांगताना उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर शिकलेले लोक कधी चुकत नाहीत असे वाटेल. १८८० मध्ये इटलीत मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून केवळ ओठ वाचायला व बोलायला शिकवावे, असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यापुढे शंभर वर्षे कित्येक देशांत बहिऱ्या मुलांना खुणा केल्याबद्दल हातावर छड्या खाव्या लागल्या. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. विद्या घेतली, पण ज्यांच्यासाठी घेतली त्यांना विचारले नाही, तर असे होते. गॅलोडेटने क्लेरला बरोबर आणले, याचे मोल इथे कळते.

स्वातंत्र्यानंतर हे काम मिशनच्या आवारातून बाहेर आले. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा, पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली कामायनी, अशा शाळांतून बौद्धिक दिव्यांग मुलांचे शिक्षण महाराष्ट्रात रुजले. मग सरकारने राष्ट्रीय संस्था काढल्या: कर्णबधिरांसाठी १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था, आणि १९८४ मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठीची संस्था. तिचे नाव आता बदलून बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था झाले आहे. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. तेव्हापासून विशेष शिक्षकाला मान्य अभ्यासक्रम पुरा करून परिषदेच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. नोंदणी नसताना हे काम करणे हा कायद्याने गुन्हा आहे, त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. दया असली की कोणीही शिकवील, असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. निकाल झाला, पण गावोगावच्या शाळांत हे शिक्षक अजून पुरेसे पोहोचलेले नाहीत.

आता बासरकडे वळू, कारण या मुलखाची स्वतःची एक अडचण आहे आणि ती दिल्लीच्या कागदावर दिसत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बासर नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात होते. भाषावार प्रांतरचनेत तालुका दुभागला. धर्माबाद नांदेडकडे राहिले, मुधोळ आणि भैंसा आंध्रात, आदिलाबाद जिल्ह्यात गेले. त्याच्या उलट आदिलाबादमधले किनवट आणि राजुरा या बाजूला आले. नकाशावर रेघ ओढली गेली, घरे आणि सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या. त्याआधी निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, घरी मराठी किंवा तेलुगू. चांगल्या कानाचे आणि चांगल्या डोक्याचे मूल या तीन-चार भाषांतून कशीबशी वाट काढते, काही मुले तर त्यामुळे हुशारच होतात. पण ज्याला एकच शब्द शिकायला महिना लागतो, त्या मुलाला घरी ‘पाणी’ आणि शाळेत ‘नीळ्ळु’ म्हटले तर त्याने काय करावे? कर्णबधिर मुलाला आईचे ओठ मराठीत हलताना दिसतात आणि बाईंचे तेलुगूत. मार्काने ग्रीक शुभवर्तमानात ‘इप्फाथा’ हा एक शब्द प्रभूच्या मातृभाषेत तसाच ठेवला. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला शब्द तो असावा, म्हणून ठेवला असेल काय, असे आम्हांला अनेकदा वाटते.

या पट्ट्यात जन्मलेल्या आणि मराठी, तेलुगू, थोडी दखनी सहज बोलणाऱ्या आपल्या तरुणांना म्हणूनच या कामात मोठी जागा आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ही भाषांची सरमिसळ शिकायला वर्षे लागतील, त्यांना ती अंगणातच मिळाली आहे.

आमच्या मंडळीतली एक मुलगी यंदा बी.ए. झाली आणि तिने हाच अभ्यास करायचे ठरवले आहे. तिच्या घरी जे प्रश्न विचारले गेले तेच तुमच्याकडेही विचारले जातील, म्हणून त्यांची उत्तरे इथे लिहून ठेवतो. साधे बी.एड. आणि विशेष शिक्षणाचे बी.एड. वेगळे. दोन्ही पदवीनंतर करायचे आणि दोन्ही सध्या दोन वर्षांचे, पण विशेष बी.एड.मध्ये सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वाची ओळख करून घेऊन मग एक विषय निवडावा लागतो: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांपैकी एक. बारावीनंतर करायचा असेल तर विशेष शिक्षणाचे डी.एड. आहे. बी.एड.नंतर एम.एड. करता येते, आणि मग पुढचे शिक्षक घडवता येतात. आपल्या मंडळ्यांतून कोणी तिथवर गेले तर आम्हांला फार आनंद होईल. मुंबईला वांद्र्याची संस्था आहे, एस.एन.डी.टी. विद्यापीठ आहे. बासर-धर्माबादच्या लोकांना मात्र सिकंदराबाद जवळ. मनमाडकडून येणारी गाडी बासरवरूनच जाते, अंतर दोनशे किलोमीटरच्या आत. तिथल्या मनोविकासनगरात बौद्धिक दिव्यांगांची संस्था आहे आणि कर्णबधिर व अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थांची केंद्रेही त्याच भागात आहेत.

“दोन वर्षे नक्की शिकवतात तरी काय?” असे एका आजोबांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. एक उदाहरण देतो. मुलाला हात धुवायला शिकवायचे आहे. आपल्याला ते एक काम वाटते. विशेष शिक्षक त्याचे दहा-बारा तुकडे करतो: बाही वर करणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण उचलणे, असे करत शेवटी टॉवेल जागेवर ठेवणे. मग कित्येकदा तो शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करतो. बाकी सगळे स्वतः मुलाचा हात धरून करून घेतो आणि फक्त टॉवेल ठेवणे मुलावर सोडतो. काम पुरे केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमले की शेवटून दुसरा तुकडा, मग तिसरा. कोणत्या तारखेला किती मदत लागली, याची वहीत नोंद होते. तीन महिन्यांनी आईबरोबर बसून ती वही पाहतात आणि पुढची योजना करतात. प्रत्येक मुलाची वही वेगळी. अंध मुलाला शिकवणाऱ्याला ब्रेलची पाटी चालवता यावी लागते. तिच्यावर उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, म्हणजे प्रत्येक अक्षर मनात उलटे धरायला शिकायचे. श्रवणदोष घेणाऱ्याला कानाच्या तपासणीचा आलेख वाचावा लागतो, यंत्राची बॅटरी गेली आहे की मूल थकले आहे हे ओळखावे लागते. पहिल्या दोन-तीन वर्षांतच मुलाला भाषा मिळाली नाही, ओठांची असो वा हातांची, तर पुढे ती भरून काढणे किती अवघड जाते, हे समजून घ्यावे लागते. हे सारे दयेने आपोआप येत नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. प्रभू दोन्ही नाकारतो. हा प्रश्न आपल्या गावांतून अजून गेलेला नाही. उपासनेनंतर दाराशी उभ्या असलेल्या आईला कोणी तोंडावर विचारत नाही, इतकेच. आम्ही पाहिले आहे की अशी आई शिकलेल्या शिक्षकाकडे जाते तेव्हा तिला पहिल्यांदा वेगळे प्रश्न ऐकू येतात. मूल कधी बसू लागले? काय पाहून हसते? कोणाच्या हाकेला वळते? त्यानंतर घरातली चर्चा बदलते. वडीलही एकदा सोबत येतात.

आमच्या मंडळीने त्या मुलीच्या वसतिगृहाचा खर्च दोन वर्षे उचलायचे ठरवले आहे. रविवारच्या अर्पणातून नव्हे, वेगळी वही ठेवून, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला जायचे असेल तर हिशेब समोर राहील. एका घराने प्रवासाचे भाडे घेतले आहे. ब्रेलची पाटी आणि टोचणी घ्यायची की नाही हे ती कोणता विषय निवडते त्यावर ठरेल, आणि ते तिचे अजून ठरलेले नाही. मंडळीत एक कर्णबधिर मुलगा आहे आणि दोन बौद्धिक दिव्यांग मुली. तिघांच्याही आया तिच्याशी बोलून गेल्या आहेत, आणि तिघींनीही तिला आपापल्या मुलाचा विषय घ्यायला सांगितले आहे.